शेंदूर लावलेला खांब

घर विकत घेण्याआधी ते जाणकाराकडून रीतसर तपासून घ्यायची टूम जव्हारात पहिल्यांदा मी काढली, असं मी पुष्कळ वर्षं छाती पुढे काढून सांगत असे. हल्ली सांगत नाही. तोवर आमच्याकडे घर घेणारा माणूस घराभोवती एक चक्कर मारायचा, विहिरीत डोकावायचा, शेजाऱ्याला तंबाखूची चिमूट देऊन आधीच्या मालकाची मुलंबाळं किती जगली ते विचारायचा, आणि सौदा करून मोकळा व्हायचा. मला हे सगळं फार अडाणीपणाचं वाटे. मी कचेरीत कारकून होतो. जे कागदावर नाही ते जगात नाही, अशी माझी पक्की समजूत होती, आणि ती बाळगण्याबद्दल मला दरमहा पगारही मिळत होता.

घर माझ्यासाठी घ्यायचं नव्हतं, माझ्या थोरल्या बहिणीसाठी घ्यायचं होतं. आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. मला कडेवर मारून चूल फुंकणारी आक्का, ही माझी आयुष्यातली पहिली आठवण. पुढे तिचं लग्न झालं, चार वर्षांत नवरा गेला, आणि त्यानंतर वीस-बावीस वर्षं ती सासरी बिनपगारी मोलकरणीसारखी राबली. एक दिवस थोरल्या दिराने भर अंगणात, चार गडीमाणसांच्या देखत तिला 'चालती हो' म्हटलं. ती चालती झाली आणि माझ्याकडे आली.

माझं बिऱ्हाड दोन खोल्यांचं, तेही भाड्याचं. माझी बायको वाईट नव्हती, आक्काही वाईट नव्हती, पण चूल एकच होती. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, आणि आमच्याकडे तर म्यानसुद्धा दुसऱ्याचं. दोघी कधी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. दोघी फक्त भांडी जरा जोरात ठेवायच्या.

एक दिवस मी कचेरीतून आलो तर आक्काने माझ्यापुढे एक गाठोडं सोडलं. पाटल्या, गोठ आणि पुतळ्यांची माळ. बापाने दिलेलं आणि नवऱ्याने घातलेलं हे सोनं ती सासरहून निघताना पोटाशी बांधून घेऊन आली होती आणि इतके दिवस कुणाला बोलली नव्हती. म्हणाली, "याचं मला एक घर घेऊन दे. लहान असलं तरी चालेल, आडगावी असलं तरी चालेल. पण ज्या दारातून मला कुणी 'चालती हो' म्हणणार नाही, असं एक दार मला पाहिजे."

मी म्हटलं, "आक्का, तू काळजी करू नकोस. सगळं माझ्यावर सोड." तिने सोडलं. तिथंच चुकलं.

मोखाड्याच्या वाटेवर, जव्हार संस्थानची हद्द संपून इंग्रज सरकारची सुरू होते त्याच्या थोडं अलीकडे, एका लाकडाच्या ठेकेदाराचं घर विकाऊ असल्याचं कळलं. ठेकेदाराने हद्दीच्या दोन्ही बाजूंची जंगलं तोडून बरीच माया जमवली होती आणि आता तो नाशकाला जाऊन धर्मात मन रमवणार होता. घर तीसेक वर्षांचं. आठ सागवानी खांब, नळीची कौलं, वर धान्य ठेवायला माळा, बाजूच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, मागे विहीर आणि लागून भाताचा एक तुकडा. आक्काच्या एकटीच्या पोटापुरतं तिथं नक्की पिकलं असतं. सगळे म्हणाले, लाकडाच्या ठेकेदाराचं घर, त्याच्या लाकडाला काय बघायचंय? मी मात्र म्हटलं, छे! दिव्याखालीच अंधार असतो. तपासणी झाल्याशिवाय मी सौदा करणार नाही. हे वाक्य मी आठवड्याभरात निदान वीस जणांना ऐकवलं असेन.

आता तपासणी करायची तर जाणकार हवा. इंग्रजी मुलखात रस्त्यांच्या आणि मोऱ्यांच्या कामावर जन्म घालवून निवृत्त झालेले एक ओव्हरशियर त्या सुमारास जव्हारची हवा मानवते म्हणून येऊन राहिले होते. लांब कोट, कडक पगडी, छातीवर घड्याळाची साखळी. त्यांनी बांधलेला एक पूल किती महापुरांतून कसा टिकला याची हकीगत ते रोज संध्याकाळी सांगत. पूल कुठं आहे ते कुणी विचारलं तर मात्र "तुम्हाला तो भाग माहीत नसायचा" म्हणत. मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तीन अटी घातल्या. जायला छपराची दमणी हवी, साधी बैलगाडी चालणार नाही. जेवणाची सोय तिथंच व्हावी. आणि तपासणी चालू असताना कुणी मध्ये तोंड घालायचं नाही. मला अटी ऐकूनच माणूस मोठा असल्याची खात्री पटली.

निघायच्या दिवशी आक्का म्हणाली, "मीही येते. मला बघू दे."

मी हसलो. "तुला त्यातलं काय कळतं, आक्का? तिथं ओळंबा लावायचा असतो, पाणसळ धरायची असते."

"ओळंब्याचं मला कळत नाही. पण राहायचं मला आहे ना?"

तेवढ्यात ओव्हरशियरांनी दमणीतूनच मला हाताने खूण केली आणि हळू आवाजात, म्हणजे आक्काला स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाले, "शुभ कामाला निघालोय आपण. आलवणातली बाई बरोबर कशाला?" मी स्वतःला सुधारक समजत असे. बाहेरची वर्तमानपत्रं मागवून वाचत असे, विधवांच्या हालांबद्दल हळहळत असे. मी दमणीत चढलो. सोनं तिचं, राहणार ती, आणि घर बघायला निघालो आम्ही दोघे. ती दारात उभी राहिली आणि मग तांदूळ निवडायला आत गेली.

ठेकेदाराला आमच्या येण्याची आगाऊ कल्पना होती, कारण सोयीचं व्हावं म्हणून मीच त्याला आठ दिवस आधी पत्र घातलं होतं. चोराला निरोप पाठवून जप्तीला जावं तशातली गत, पण तेव्हा ते मला सभ्यपणाचं वाटलं. आठ दिवसांत त्याने घराचा नवरदेव करून टाकला होता. भुई ताजी सारवलेली, कुडावर चुन्याचा हात, खांबांना तेल पाजून असं चमकवलेलं की त्यात बघून पगडी सारखी करून घ्यावी. आणि ओटीवर ताटं मांडलेली. शिरा, पुऱ्या, अळूचं फदफदं, वर सायीचं दही.

"आधी पोटोबा, मग विठोबा," ओव्हरशियर म्हणाले आणि बसले. मी मोजलं नाही, पण पुऱ्या आणणारा गडी तीनदा परत आत गेला. जेवल्यावर विडा झाला. विड्यानंतर थोडं कलंडणं झालं. ज्याचं खाल्लं त्याच्या घराच्या भिंतीत लगेच सळई कशी खुपसायची, हा संकोच आमच्याकडे फार. इंग्रज लोक म्हणे अशा कामाला आपला डबा घेऊन जातात.

उन्हं कलल्यावर तपासणी सुरू झाली. माझ्या आयुष्यात इतकं देखणं काम मी पाहिलेलं नाही. त्यांनी ओटीची लांबी फितीने तीनदा मोजली, तिन्ही वेळा वेगळी आली, आणि त्यांनी मधली धरली. ओळंबा सोडून एक डोळा मिटून ते इतका वेळ उभे राहिले की ठेकेदाराने त्यांना पाट नेऊन दिला. कौलं एका बाजूची मोजून त्यांची दुप्पट केली. विहिरीचं पाणी हुंगलं, चाखलं आणि थुंकलं, आणि मला म्हणाले, "लिहा, जल उत्तम." मी लिहून घेत होतो. घाम आला तरी मी लिहीत होतो.

मग खांब. कोटाच्या खिशातून त्यांनी एक छोटी हातोडी काढली. तिच्या डोक्याने खांबावर टोला मारायचा आणि कान लावायचा. भरीव लाकूड खणखणीत बोलतं, पोकळ असलं तर आवाज बसका येतो, हे त्यांनी मला समजावलं. पहिला खांब खणखणीत. दुसरा खणखणीत. असे सात झाले. आठवा खांब घराच्या बरोबर मध्ये होता. आढ्याचा आणि माळ्याचा भार त्याच्यावर. त्या खांबाला गुडघ्यापासून छातीपर्यंत शेंदूर फासलेला होता, वर तांबड्या कापडात बांधलेला नारळ, लहानशा फळीवर घरचा देव, ताज्या झेंडूची माळ, खाली उदबत्तीची राख.

ओव्हरशियरांनी हातोडी खिशात टाकली, पायातले जोडे काढले, हात जोडले. मीही जोडले. ठेकेदाराने तर डोळेच मिटून घेतले. देवाच्या अंगावर हातोडी कोण मारणार? खांबामागे सामान रचलेलं, प्रदक्षिणेला जागा नव्हती, म्हणून आम्ही जागच्या जागी गर्रकन फिरलो आणि बाहेर आलो. ओव्हरशियर म्हणाले, "लिहा, आठही खांब ठणठणीत." मी लिहिलं.

तो अहवाल मी पुढे सुवाच्य अक्षरात दोन प्रतींत काढला. 'सदरहू इमारत समक्ष पाहता दृश्य भाग सर्वथा निर्दोष असून आणखी पन्नास वर्षांस भीती नाही' असं शेवटचं वाक्य होतं. कचेरीतल्या चार मित्रांना मी तो मोठ्याने वाचून दाखवला. 'सर्वथा निर्दोष' वर मी आवाज चढवायचो.

आमच्याकडे दर आठवड्याला एक वारली म्हातारा जळणाची मोळी टाकायचा. पाडा त्याचा त्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आक्काचं आणि त्याचं बरं जमे. तो मोळी उतरवून पायरीवर बसायचा, ती त्याला चहा द्यायची आणि त्याला 'बाबा' म्हणायची. तो तिला 'बाय' म्हणे आणि 'तू' म्हणे. मलाही 'तू' म्हणे, आणि ते मला खुपायचं. या डोंगरात ही माणसं राजालाही 'तू' म्हणतात असं कुणीतरी मला समजावलं होतं, पण राजाला चालत असेल, कारकुनाला कसं चालेल?

त्या आठवड्यात मी आत कपडे बदलत होतो आणि पायरीवरचं बोलणं ऐकू येत होतं. म्हातारा सांगत होता, "बाय, त्या घरचा देव उठून दुसऱ्या खांबाला गेला."

"म्हणजे?"

"मागल्या साली तठं माळ्यावर भात मीच चढवला. तव्हा देव चुलीकडच्या खांबाला होता. आता मधल्या खांबाला आहं. मधला खांब उधईनं खाल्ला. ते लाकूड माझ्या बापानं वेठीत वाहिलं, मीबी होतो. ठेकेदाराला घाई. चांदण्या पाखात तोडाय लावलं. बाप सांगत होता, काळ्या पाखात तोड, नाय तं किडं लागतील. त्यानं बापालाच हाणलं."

उधई म्हणजे आमची वाळवी, आणि चांदणा नि काळा पाख म्हणजे शुक्ल नि कृष्ण पक्ष. आक्का आत आली आणि मला हे सगळं सांगू लागली. मी ऐकूनही न ऐकल्यासारखं करून पुन्हा ऐकलं आणि खो खो हसलो. "वा! आता मोळीविक्याचा अहवाल आला! आक्का, चंद्र आकाशात असतो आणि वाळवी जमिनीत असते, त्यांचा एकमेकांशी काय संबंध? आणि देव कुठल्या खांबाला ठेवायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न."

"एकदा पुन्हा बघून ये ना," ती म्हणाली. "माझ्याकडे दुसरं काही नाही रे. हे गेलं की संपलं."

मी तिला अहवाल वाचून दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने कागद हातात घेतला, उलटा सुलटा पाहिला आणि परत दिला. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी मनात म्हटलं. घडा कोण होता ते तेव्हा कळलं नाही. पुढच्या महिन्यात सोनं विकलं, खरेदीखत झालं, ठेकेदार नाशकाला गेला. जाताना त्याने देव मात्र तिथंच सोडला. "घराचा देव घरातच बरा," म्हणाला. केवढा भाविक माणूस, असं आम्हाला वाटलं.

आक्का तिकडे राहायला गेली आणि मला तिच्या तोंडावर पहिल्यांदा तजेला दिसला. तिने परसात भेंडी लावली, विहिरीला रहाट बसवून घेतला, म्हाताऱ्याच्या घरच्या माणसांना अर्धेलीने धरून भात लावला. मी महिन्यातून एकदा जायचो. गेलो की ती मला दारातच थांबवून पायावर पाणी घालायची. "माझ्या घरी आलास," म्हणायची. हे तीन शब्द तिच्या तोंडून ऐकताना मलाच मोठं दान केल्यासारखं वाटे. दान तिच्याच सोन्याचं होतं, ही बाब मी सोयीने विसरलो होतो.

एकदा ती म्हणाली, "त्या मधल्या खांबाशी रोज सकाळी पिठासारखा भुसा पडतो." मी म्हटलं, उदबत्तीची राख असेल.

कार्तिकात भाताची झोडणी झाली. नवा तांदूळ खायला म्हणून मी गेलो आणि तोरा मिरवायला ओव्हरशियरांनाही घेऊन गेलो. दुपारची वेळ. अंगणात भाताच्या कणग्या भरून तयार होत्या, माळ्यावर चढवायच्या होत्या. म्हातारा दोन गड्यांना घेऊन आला, आत गेला, वर बघितलं, मधल्या खांबाकडे बघितलं आणि बाहेर येऊन बसला.

"मी भात नाय चढवत."

"का?" मी विचारलं.

"खांब बसंल. बाय खाली निजते."

ओव्हरशियर मिशीत हसले. मी म्हटलं, "अरे, याचा कागद आहे माझ्याकडे. हे साहेब समोर बसलेत, यांनी तपासलंय."

म्हातारा त्यांच्याकडे बघून म्हणाला, "यानं त्या खांबाला हात लावला का?"

ओव्हरशियर म्हणाले, "देवाला हात लावत नाहीत, पाया पडतात."

आक्का उठली. तिने विहिरीवर हातपाय धुतले, ओल्या पायांनी आत आली, खांबापुढे उभी राहून हात जोडले. मग नारळाची गाठ सोडली. विधवा बाईने घरचा देव हलवायचा म्हणजे! मी ओरडलो, "आक्का, पाप लागेल!"

"लागलं तर मला लागेल," ती म्हणाली. "छप्पर पडलं तर तेही माझ्याच डोक्यावर पडणार आहे. तू जव्हारात असशील."

तिने देव उचलून चुलीकडच्या खांबापाशी पाटावर नेऊन ठेवला, त्याला फूल वाहिलं आणि परत आली. म्हाताऱ्याच्या कमरेचा कोयता मागून घेतला आणि त्याचं टोक शेंदरावर टेकवून दाबलं. टोला मारावा लागला नाही. पिकल्या भोपळ्यात जावा तसा कोयता मुठीपर्यंत आत गेला. शेंदराचं कवच खपली निघावी तसं गळून पडलं आणि आतून माती, भुसा आणि पांढऱ्या वाळवीचा लोंढा भुईवर सांडला. खांब नव्हताच तिथं. एक बोटभर जाडीची साल उभी होती, आणि तिच्यावर सगळं घर.

ओव्हरशियरांनी घड्याळ बाहेर काढलं, वेळ पाहिली आणि म्हणाले, "दमणी जोडायला सांगा. अंधार पडायच्या आत पोचलेलं बरं."

वाटेत मी त्यांना जाब विचारायचं ठरवलं होतं. त्यांनी मला संधी दिली नाही. "अहवालात मी 'दृश्य भाग' असं लिहिलंय," ते म्हणाले. "खांबाच्या आतला भाग दृश्य नसतो. आणि मी त्या दिवशी देव काढा म्हटलं असतं, तर तुम्हीच मला धर्मबुडव्या म्हणून गावभर केलं असतंत. खरं की नाही?" खरं होतं. 'दृश्य भाग' हे शब्द माझ्याच सुवाच्य अक्षरात होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, आणि माझी तर दमणीही रिकामी आली.

ठेकेदाराला मी कडक भाषेत पत्र लिहिलं. त्याचं उत्तर कार्डावर आलं. 'घर आजवर देवाच्याच आधाराने उभे होते. आपण देव हलविलात. आता दोष मजकडे कसा?' मी ते कार्ड चार वेळा वाचलं. कचेरीतल्या इतक्या वर्षांच्या नोकरीत इतकं बिनतोड उत्तर मी पाहिलं नव्हतं.

म्हाताऱ्याने खांब उघडा पडला त्याच दिवशी घराला सहा टेकू देऊन ठेवले होते. नवा खांब ऐनाच्या झाडाचा घालायचा ठरलं, पण लाकूड तोडायचं ते काळ्या पाखातच, यावर तो अडून बसला. पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे काळा पाख तोंडावर आला होता. जंगलातून लाकूड तोडायला परवाना लागतो. तेवढं एकच काम माझ्याकडे आलं, आणि ते माझ्या रोजच्या टेबलाचं काम होतं. ते मी अठरा दिवसांत केलं. परवाना घेऊन गेलो तेव्हा आदल्या दिवशी अमावस्या झालेली. म्हातारा आकाशाकडे बोट दाखवून म्हणाला, "आता चांदणा पाख. थांबाय लागंल." माझ्या कागदापायी आक्का आणखी पंधरा दिवस टेकूंखाली राहिली.

मी तिला जव्हारला चल म्हणालो. ती म्हणाली, "तिथं माझं काय आहे?" मग मी तिच्या सोबतीला राहीन असं म्हणालो, आणि पहिल्याच दिवशी वर कौल सरकल्याचा आवाज झाला तेव्हा मला कचेरीतलं एक तातडीचं काम आठवलं. म्हाताऱ्याची बायको येऊन तिच्याबरोबर ओटीवर निजू लागली. आक्का तिच्याकडून नागलीची भाकरी शिकली. तिला शिवायचं नाही, तिच्या हातचं खायचं नाही, असलं सगळं आक्काने त्या पंधरा दिवसांत सोडून दिलं. मी त्या विषयावरचे लेख वाचत होतो.

नवा खांब उभा राहिला त्या दिवशी मी हजर होतो. पाड्यावरची आठ माणसं आली होती. कुणी ओळंबा लावला नाही, फीत धरली नाही. म्हातारा लांब उभा राहून नुसता 'अजून थोडा, अजून थोडा' म्हणत होता आणि खांब जाग्यावर बसला. आढं उचललं, टेकू काढले. आक्काने सगळ्यांना नव्या तांदळाचा भात वाढला. मला तिने सगळ्यांच्या पंगतीत बसवलं आणि मी बसलो, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "तो खरेदीचा कागद आणलायस ना? एकदा वाचून दाखव. सगळा."

मी वाचू लागलो. चतुःसीमा वाचल्या, विहीर वाचली, भाताचा तुकडा वाचला. तिने मध्येच विचारलं, "लिहून घेणार म्हणून कुणाचं नाव आहे?"

घेणारा म्हणून नाव माझं होतं. मी तिला फसवायला ते घातलं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. घालताना माझ्या मनात दुसरं नाव आलंच नव्हतं. मी तिला म्हटलं, "अगं, बाईमाणसाच्या नावावर म्हणजे किती कटकटी! माझं काय आणि तुझं काय, एकच."

म्हातारा पायरीवर बिडी ओढत होता. त्याच्याकडे वळून ती म्हणाली, "बाबा, खांब कसा बघायचा ते कळलं मला. माणूस कसा बघायचा?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला माझी कीव आली असावी, कारण आवाज त्याने जरा खाली आणला. "माणसाचं ठोकून नाय कळत, बाय. वजन ठेवायचं."

मी लगेच म्हणालो, येत्या सोमवारी कागद तिच्या नावावर करून आणतो. मनापासून म्हणालो. त्या सोमवारी कचेरीत वसुलीची घाई होती. मग मुलीचं लग्न निघालं. मग बायको म्हणाली, एवढी घाई कशाला, तुम्ही काय बहिणीला बाहेर काढणार आहात? मलाही ते पटलं. आक्काने मला त्याबद्दल एकूण तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं ते माझ्या बायकोच्या देखत, आणि मी चिडलो. म्हणालो, "माझ्यावर विश्वास नाही का?" त्यानंतर तिने विचारलं नाही. पायावर पाणी ती पुढेही घालत राहिली, पण 'माझ्या घरी आलास' म्हणायची ती थांबली.

त्या घरात ती एकोणीस वर्षं राहिली आणि तिथंच गेली. मी तिला कधीच 'चालती हो' म्हटलं नाही, पण म्हणायचा अधिकार शेवटपर्यंत माझ्याकडे होता, आणि हे तिला रोज ठाऊक होतं. मला याची लाज वाटते. तिच्या दिवसांनंतर आठवडाभराने, घराच्या कागदाचं आता काय करावं लागेल ते विचारायला मी नोंदणीच्या कचेरीत गेलो, तर तिथल्या माणसाने दप्तर उघडून पाहिलं आणि हसून म्हणाला, "तुम्हाला काहीच करायला नको. घर तुमच्याच नावावर आहे."